सुपरकंडक्टरला उजेड दिसतो कसा, आणि कवडसे बुजवण्यात वर्षं का जातात

चोपड्याकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सरांचा प्रश्न थोडक्यात असा: "बारावीच्या वर्गात सुपरकंडक्टर शिकवत होतो. दूरच्या अवरक्त किरणांसाठी अवकाश दुर्बिणीत सुपरकंडक्टरचे डिटेक्टर वापरतात, असं सांगितलं. एका मुलाने विचारलं, 'सर, ज्याचा रोध शून्य आहे त्यात उजेड पडला तरी बदलणार काय? शून्याचं शून्यच राहणार.' मला उत्तर देता आलं नाही. शिवाय, जेम्स वेब दुर्बीण असताना हे वेगळं कशाला? लेखांमधून '१०चा उणे २०वा घात वॅट' असे आकडे येतात, त्यांचा अर्थ काय? आणि आमच्याकडच्या पोराला या कामात शिरता येईल का?"

सर, नमस्कार. पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा आहे हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. त्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या. पीएच.डी.ला लागलो तेव्हा मलाही नेमका हाच प्रश्न पडला होता, आणि विचारायची लाज वाटली म्हणून सहा महिने तो मनातच राहिला. मी मूळचा यावल तालुक्यातला, घरी केळीची बाग. गेली बावीस वर्षं हे डिटेक्टर बनवणं आणि तपासणं हाच धंदा. त्यामुळे उदाहरणं केळीची येतील, चालवून घ्या.

रोध शून्य असतो तो एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला, म्हणजे डीसीला. कॅमरलिंग ओन्नेस यांनी १९११ साली लायडनला पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनच्या (म्हणजे उणे २६९ सेल्सियसच्या) आसपास एकदम नाहीसा होताना पाहिला, तो हाच. एसी प्रवाह लावला की गोष्ट बदलते. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालतात, त्यांना कूपर जोड्या म्हणतात. बैलजोडी डोळ्यांसमोर आणा, फक्त जू फार लांब आणि सैल आहे. इतकं, की एका जोडीतल्या दोन बैलांच्या मधल्या जागेत इतर लाखो जोड्या उभ्या असतात. या जोड्या वाटेत कशाला अडखळत नाहीत, म्हणून रोध नाही. पण त्यांना वस्तुमान आहे. एसीमध्ये प्रवाहाची दिशा सेकंदाला अब्जावधी वेळा उलटते, आणि धावती गाडी थांबवून उलट्या दिशेला पळवायची तर दर वेळी जोर लावावा लागतो. हा जोर उष्णता होऊन वाया जात नाही. गाडी पुन्हा वळते तेव्हा तो परत मिळतो. म्हणून त्याला रोध म्हणायचं नाही. सर्किटच्या भाषेत हे प्रवर्तकत्व, म्हणजे इंडक्टन्स. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारं नेहमीचं इंडक्टन्स वेगळं. हे जोड्यांच्या जडत्वातून येतं, म्हणून याला कायनेटिक इंडक्टन्स म्हणतात.

आता वरून एक फोटॉन, म्हणजे उजेडाचा एक कण, पडला. त्याची ऊर्जा पुरेशी असेल तर जू तुटतं आणि जोडीचे दोन सुटे कण होतात. मजूर केळीचे घड बागेतून ट्रकपर्यंत वाहताहेत अशी कल्पना करा. ठरलेल्या वेळात ठरलेले घड पोचलेच पाहिजेत. दहा मजुरांतले दोघं घरी गेले तर उरलेल्या आठांना जास्त वेगाने पळावं लागेल, आणि जोरात पळणाऱ्याला थांबवून उलटं वळवणं अवघड. जोड्या कमी झाल्या, प्रवाह तेवढाच राहिला, म्हणजे उरलेल्यांचा वेग वाढला, म्हणजे इंडक्टन्स वाढलं. रोध शून्याच्या जवळच राहिला तरी इंडक्टन्स हललं. तुमच्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

हे वर्गात दाखवताही येतं. घरात पडून असलेला जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर उघडा. आत काळी फेराइटची कांडी असते आणि तिच्यावर तांब्याची कॉइल गुंडाळलेली असते. आकाशवाणी जळगाव लावा आणि कॉइल कांडीवरून हलक्या हाताने थोडी सरकवा. इंडक्टन्स बदलतं, अनुनादाची वारंवारता सरकते, आवाज पडतो. आमचा डिटेक्टर म्हणजे हाच प्रकार. सिलिकॉनच्या चकतीवर ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ थरातून कोरलेली एक नागमोडी रेघ आणि एक कपॅसिटर, मिळून एक छोटंसं अनुनादी सर्किट. त्यावर मायक्रोवेव्हचा एक बारीक सूर सतत वाजवत ठेवायचा. फोटॉन पडला की सूर किंचित खाली घसरतो, आणि ती घसरण मोजायची. अमेरिकेतल्या कॅलटेक आणि नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या लोकांनी २००३ साली ही कल्पना मांडली. तिला कायनेटिक इंडक्टन्स डिटेक्टर, बोलताना 'किड', म्हणतात. तिची खरी गंमत संवेदनशीलतेपेक्षा वायरिंगमध्ये आहे. प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचं वेगळं स्टेशन नेमून देता येतं, त्यामुळे एकाच तारेवर हजारभर डिटेक्टर ऐकता येतात. हजार डिटेक्टरना प्रत्येकी दोन, म्हणजे दोन हजार तारा लावल्या असत्या तर तारांतूनच इतकी उष्णता आत आली असती की थंड करणारी यंत्रणा दमून गेली असती.

दुसरंही एक घराणं आहे, ट्रान्झिशन एज सेन्सरचा. त्यात पट्टी मुद्दाम नॉर्मल आणि सुपरकंडक्टिंग यांच्या नेमक्या उंबरठ्यावर धरून ठेवतात. तिथे तापमान केसभर वाढलं की रोध उडी मारतो, म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याच्या 'शून्याचं शून्यच'ला बगल देऊन. ही पट्टी सिलिकॉन नायट्राइडच्या लांबच लांब, मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून कमी जाडीच्या पायांवर टांगलेली असते, म्हणजे पडलेली उष्णता पळून जायला वाटच राहत नाही. फार सुंदर काम आहे, पण मी आयुष्य किडमध्ये घातलं, तेव्हा माझ्याकडून निःपक्ष तुलनेची अपेक्षा ठेवू नका.

फोटॉन किती जोड्या मोडतो, हा हिशोब फळ्यावर होण्यासारखा आहे. १०० मायक्रॉन तरंगलांबीच्या फोटॉनची ऊर्जा साधारण १२ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं फार लहान माप). ॲल्युमिनियम १.२ केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतं, आणि त्याची एक जोडी तोडायला सुमारे ०.३६ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. थोडी ऊर्जा धातूच्या कंपनांत जाते. ती वजा करून, सगळं नीट जमलं तर, एका फोटॉनमागे तीस-चाळीस सुटे कण मिळतात. सिलिकॉनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात एक इलेक्ट्रॉन सोडवायलाच याच्या शंभरपट ऊर्जा लागते, म्हणून तुमच्या मोबाइलला हे किरण कधीच दिसणार नाहीत.

आता 'उणे २०'चं. आम्ही एकमेकांशी बोलताना वॅट आणि दहाचा घात गाळून नुसतं 'उणे एकोणीस, उणे वीस' म्हणतो, तेच इथेही करतो. दुर्बीण पूर्ण थंड केली, आकाशातून येणारा उजेड वर्णपटमापीने बारीक रंगांत फोडला, तर १०० मायक्रॉनच्या आसपास एका डिटेक्टरच्या वाट्याला उणे एकोणीसच्या आगेमागे शक्ती येते. फोटॉनच्या हिशोबात सेकंदाला पन्नास. वॅटमध्ये समजून घ्यायचं असेल तर असं पाहा: ही शक्ती विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत, १३८० कोटी वर्षं, एका डब्यात साठवत राहिलात, तर त्या ऊर्जेत शंभर-सव्वाशे ग्रॅमचं एक केळं साधारण चार सेंटिमीटर वर उचलता येईल. गुणाकार मी दोनदा तपासलाय.

सेकंदाला सरासरी पन्नास फोटॉन म्हणजे कधी त्रेचाळीस, कधी अठ्ठावन्न. हा चढउतार निसर्गाचाच, त्याला कोणी काही करू शकत नाही. डिटेक्टरचा स्वतःचा गोंगाट यापेक्षा कमी हवा, एवढीच आमच्याकडून अपेक्षा. गणित केलं तर ती मर्यादा दर वर्गमूळ हर्ट्झला उणे वीसच्या दुप्पट येते, आणि लेखांमधला आकडा तोच. वर्गमूळ यासाठी की चौपट वेळ बघितलं तर गोंगाट निम्म्यावर येतो, चौथाईवर नाही. नेदरलँड्सच्या एसआरओएन या अवकाश संशोधन संस्थेच्या आणि डेल्फ्ट विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये २०० मायक्रॉनला उणे वीसच्या तिपटीपर्यंत पोचलेले किड दाखवले. जेपीएलच्या लोकांनी त्याआधीच, २०१८ मध्ये, क्वांटम कपॅसिटन्स डिटेक्टर नावाच्या वेगळ्या उपकरणाने २०० मायक्रॉनचे फोटॉन एकेक करून मोजले होते, आणि २०२४ मध्ये किडमधून २५ मायक्रॉनचे एकेकटे फोटॉन ओळखता आल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे 'एवढा संवेदनशील डिटेक्टर बनेल का' हा प्रश्न माझ्या नोकरीच्या काळातच जवळपास सुटला. उरलेला प्रश्न जास्त चिवट आहे: अशा डिटेक्टरला नको ते दिसू नये म्हणून काय करायचं?

थंडीपासून सुरू करू. डिटेक्टर ०.१ केल्विनवर, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या (ज्याहून थंड काही असूच शकत नाही त्याच्या) वर एक दशांश अंशावर ठेवतो. ॲल्युमिनियम १.२ केल्विनलाच सुपरकंडक्टर होतं, मग आणखी खाली कशाला? कारण फोटॉन जसा जोडी मोडतो तशी उष्णताही मोडते. सिद्धांत सांगतो की ०.२ केल्विनला ॲल्युमिनियमच्या एका घन मायक्रॉनमध्ये शंभराच्या वर सुटे कण आपोआप फिरत असतात, आणि ०.१ केल्विनला हजार घन मायक्रॉन शोधले तर दोन-तीन सापडतील. अंश निम्मे केले आणि गर्दी पन्नास हजारपट घटली. चार अंश कमी झाले म्हणून मे महिन्यात भुसावळकरांना जेवढं बरं वाटतं, त्याहून हे बरंच जास्त.

एवढं थंड करायची युक्ती टप्प्याटप्प्याची. ०.३ केल्विनपर्यंतची युक्ती आपल्या घरातल्या माठाची. पाणी पाझरतं, बाष्प होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. तिथे पाण्याच्या जागी हीलियम-३ आणि वाऱ्याच्या जागी कोळशासारखा शोषक, जो बाष्प ओढून घेतो. युरोपच्या हर्शेल अवकाश दुर्बिणीतल्या स्पायर उपकरणाचा माठ असाच होता, दोनेक दिवस चालायचा आणि मग शोषक तापवून पुन्हा भरावा लागायचा. त्याच्या खाली जायला चुंबक लागतो. विशिष्ट मीठ जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवायचं, त्यातून निघालेली उष्णता काढून घ्यायची, मग क्षेत्र हळूहळू उतरवायचं की मीठ गार पडत जातं. यात हलणारे भाग नाहीत आणि गुरुत्वाकर्षणाची गरज नाही, म्हणून अवकाशात लोक याच्यावर भरवसा ठेवतात.

पण सुट्या कणांचा तो हिशोब कागदावरचा. प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो, कारण माझं सगळं शिक्षण तिथेच झालं.

पहिल्या नोकरीत (प्रयोगशाळेचं नाव सांगत नाही) मी एक नवा किड थंड करत होतो. ०.३ ला सुटे कण भरपूर, ०.२५ ला कमी, ०.२ ला आणखी कमी, अगदी सिद्धांताच्या रेघेवर. मग ०.१६ च्या आसपास रेघ आडवी झाली. त्यापुढे कितीही थंड केलं तरी सुटे कण काही कमी होईनात. जणू कोणीतरी आत बसून जोड्या मोडतच होतं. मला वाटलं ॲल्युमिनियमचा थर खराब आहे. नवा बनवला. तसाच. सूर फार जोरात वाजतोय का पाहिलं, कारण वाचायला लावलेला मायक्रोवेव्हही जोड्या मोडू शकतो. सूर हळू केला, थोडा फरक पडला, पण रेघ आडवी ती आडवीच. एकदा फ्रिज बंद करून उघडायचा, काहीतरी बदलायचं, पुन्हा थंड करायचं, यात आठवडा जातो. असे चौदा आठवडे गेले.

तेव्हा घरची एक गोष्ट आठवली. आमचं जुनं घर धाब्याचं. उन्हाळ्यात दुपारी आई दारं-खिडक्या लावून मधल्या खोलीत अंधार करायची, पण छपराच्या एका फटीतून कवडसा यायचाच. त्यात धुळीचे कण नाचताना दिसायचे, आणि कवडसा बुजवला की खोलीत तो आधी किती उजेड सांडत होता ते कळायचं. आमच्या डिटेक्टरच्या पेटीलाही एक फट होती. हवा काढून घ्यायला म्हणून ठेवलेलं, मिलिमीटरपेक्षा लहान, स्क्रूच्या बाजूचं एक भोक. बाहेर होती ४ केल्विनची भिंत. ४ केल्विन म्हणजे आपल्या दृष्टीने मृत्यूसारखं थंड, पण या डिटेक्टरच्या दृष्टीने ती भिंत उजळलेली आहे. हिशोब करून पाहा: ४ केल्विनची काळी वस्तू २०० मायक्रॉनला, दहा टक्के पट्ट्यात, एका डिटेक्टरवर उणे अठराच्या काही पट शक्ती टाकते. जी शक्ती मोजायची तिच्या कित्येक पट. खोलीचं तापमान, जळगावातलं मेमधलं ४५ सेल्सियस धरलं, तर तीच शक्ती उणे दहाच्या सहापटीच्या घरात जाते. म्हणजे आकाशाच्या उजेडाच्या काहीशे कोटीपट. एका खिळ्याएवढ्या भोकातून त्याचा किती अंश आत आला की संपलं, ते तुम्हीच पाहा.

उपाय सांगायला सोपा: पेटीच्या आत पेटी, झाकणाला वळणावळणाची खोबण, म्हणजे हवा वळत वळत बाहेर जाते पण सरळ जाणारा किरण दोनतीनदा भिंतीवर आपटून मरतो. भिंतींवर काळा लेप. नेहमीचा काळा रंग या किरणांना काळा नसतो, काचेसारखा असतो. म्हणून इपॉक्सीत कार्बनची भुकटी आणि सिलिकॉन कार्बाइडचे जाडे दाणे घालून खरखरीत लेप बनवतात. सिग्नलच्या कोॲक्स केबलमधून उजेड पाण्यासारखा पाझरतो, तिथे गाळण्या. दुर्बिणीकडच्या तोंडावर धातूच्या बारीक जाळ्यांचे फिल्टर एकावर एक. वेल्सच्या कार्डिफ विद्यापीठातल्या गटाने बनवलेले असे फिल्टर जगभरातल्या उपकरणांत बसले आहेत. आमच्या पेटीचं भोक बुजवलं आणि रेघ ०.१३ पर्यंत खाली आली. मग पुन्हा आडवी. दुसरा कवडसा. तो केबलमध्ये होता.

कितीही कवडसे बुजवले तरी एक पाहुणा अडवता येत नाही. कॉस्मिक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान प्रोटॉन वगैरे. एक प्रोटॉन सिलिकॉनच्या चकतीतून आरपार गेला की वाटेत उष्णतेची लाट सोडतो, आणि ती लाट चकतीभर पसरून एकाच वेळी कित्येक डिटेक्टरांच्या जोड्या मोडते. हा धडा प्लँक उपग्रहाने शिकवला. २००९ साली हर्शेलसोबत एकाच रॉकेटने गेलेल्या प्लँकचे ०.१ केल्विनवरचे बोलोमीटर (उजेडाने आलेली ऊब मोजणारे डिटेक्टर) दर सेकंदाला साधारण एकदा असा फटका खात होते. उड्डाणाआधी इतकं कोणाच्या मनात नव्हतं, आणि डिटेक्टरागणिक ८ ते २० टक्के माहिती टाकून द्यावी लागली. आता चकतीच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमपेक्षा कमी तापमानाला सुपरकंडक्टर होणाऱ्या धातूचा थर देतात. लाट आधी त्यात जिरते, आणि तिची ऊर्जा इतकी खाली उतरते की ॲल्युमिनियमची जोडी मोडायला पुरत नाही. शेतात पाणी वाफ्यात जावं म्हणून आधी मोठ्या चारीत सोडावं, तशातलं काहीसं, फक्त इथे वाफा कोरडा ठेवायचा असतो. (हे उदाहरण मला पूर्ण पटलेलं नाही, पण यापेक्षा बरं सुचलं नाही.)

सिलिकॉन आणि धातू यांच्या मध्ये उरणारा ऑक्साइडचा अव्यवस्थित थर हाही एक त्रास. त्यातले अणू दोन जागांमध्ये उड्या मारत राहतात आणि सूर थरथरतो. त्यावर उपाय म्हणजे धुणं, धुणं आणि धुणं, आणि थर द्यायच्या जरा आधी हायड्रोफ्लोरिक ॲसिडची डुबी. याच्यावर आणखी लिहीत नाही, क्लीनरूमच्या आठवणी फारशा गोड नाहीत.

वेब असताना हे कशाला, हा प्रश्न आता सोपा होतो. वेबला २८ मायक्रॉनपर्यंत दिसतं. चिलीमधली अल्मा ही रेडिओ दुर्बीण साधारण ३०० मायक्रॉनपासून पुढे बघते. मधला सगळा पट्टा आज अवकाशात कोणत्याही मोठ्या दुर्बिणीकडे नाही, आणि जमिनीवरून तो दिसत नाही, कारण हवेतली पाण्याची वाफ हे किरण गिळते. मे महिन्यात तोरणमाळच्या कड्यावर उभे राहा. आकाश कोरडं ठणठणीत वाटतं, रात्री आकाशगंगा स्वच्छ दिसते, पण १०० मायक्रॉनला ते आकाश म्हणजे पत्र्याचं झाकण. आणि या पट्ट्यात खूप काही घडतं. ताऱ्यांचा आणि दीर्घिकांचा जेवढा प्रकाश विश्वात आहे त्यातला जवळपास अर्धा धुळीने शोषून या लांबीत परत फेकलेला आहे. आयनीभूत कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा (म्हणजे वर्णपटातली त्याची ठरलेली खूण), ऑक्सिजनच्या ६३ आणि ८८ च्या रेषा धुळीच्या आड तारे कसे जन्मताहेत ते सांगतात. ११२ मायक्रॉनला हायड्रोजन ड्यूटेराइडची, म्हणजे एक अणू जड असलेल्या हायड्रोजन रेणूची, रेषा आहे. तिच्यावरून हर्शेलने टीडब्ल्यू हायड्री या ताऱ्याभोवतीच्या, ग्रह घडणाऱ्या चकतीतल्या वायूचं वजन काढलं.

हर्शेलचा आरसा ३.५ मीटरचा होता, पण तापमान ८५ केल्विनच्या आसपास. आरसाच इतका चमकत होता की डिटेक्टर आणखी चांगले लावून उपयोग नव्हता. पऱ्हाटीच्या जाळावर भरताची वांगी भाजताना, त्याच जाळाशेजारी उभं राहून पलीकडच्या शेतात कोणी विडी पेटवली का ते पाहण्यासारखं. नासाच्या स्पिट्झर अवकाश दुर्बिणीचा आरसा थंड होता, पण ८५ सेंटिमीटरचाच. मोठा आणि थंड असा आरसा अजून उडालेला नाही. युरोप आणि जपानची स्पिका ही २.५ मीटरची, ८ केल्विनच्या खाली थंड केलेली दुर्बीण व्हायची होती. तिच्यासाठी डिटेक्टर बनवण्यात माझ्या ओळखीच्या लोकांची ऐन उमेदीची वर्षं गेली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ती स्पर्धेतून काढून टाकली गेली. त्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये कोणी कोणाशी धड बोललं नाही. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाने सविस्तर अभ्यासासाठी दोन मोहिमा निवडल्या. एक क्ष-किरणांची ॲक्सिस आणि दुसरी दूरच्या अवरक्ताची प्रायमा: १.८ मीटरचा आरसा, ४.५ केल्विनला थंड, आणि डिटेक्टर किड. दोघींतून एकच २०३२च्या उड्डाणासाठी घ्यायची, असं ठरलं. आरसा ४.५ केल्विनला आला की त्याची स्वतःची चमक या पट्ट्यात नगण्य होते. मग उणे एकोणीस आणि उणे वीस हे आकडे हौसेचे राहत नाहीत. त्यापेक्षा वाईट डिटेक्टर लावला तर आरसा थंड करायचा सगळा खर्च पाण्यात.

शेवटचा प्रश्न पोराचा. शिरता येईल. दूरच्या अवरक्ताचं काम आपल्याकडे नवीन नाही. मुंबईच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) एक मीटर आरशाची दुर्बीण हैदराबादहून बलूनने हवेच्या बहुतेक थराच्या वर नेऊन वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. तिच्यात ०.३ केल्विनला थंड केलेले बोलोमीटर होते आणि पुढे जपानी गटाचा वर्णपटमापी लावून कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषाही पाहिली. त्याच संस्थेत कथिलाचा बोलोमीटर काही मिलिकेल्विनच्या भाषेत बोलणाऱ्या फ्रिजमध्ये ठेवून न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणाच्या प्रश्नासाठी वापरायचं काम झालंय. तेव्हा थंडीची विद्या मुंबईपर्यंत तरी आहेच. बी.एस्सी. जळगावच्या विद्यापीठातून केली म्हणून काही अडत नाही. एम.एस्सी.ला पातळ थर किंवा व्हॅक्यूमवर हाताने काम करायला मिळत असेल तर तो प्रोजेक्ट घ्यायला सांगा, त्यात 'खगोल' हा शब्द नसला तरी चालेल. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या पोरांना कृष्णविवरांवर तासभर बोलता येतं, पण व्हॅक्यूमची गळती कुठून शोधायला सुरुवात करायची हे विचारलं की गप्प होतात. ज्याने घरची बोअरची मोटर एकदा तरी उघडून बसवलीय, तो मला जास्त उपयोगी पडतो. आणि प्रोग्रामिंग शिकायला सांगा, कारण हजार सूर एकाच वेळी ऐकणं हे काम आता संगणकाचंच आहे.

त्याने तुम्हाला प्रश्न विचारला, तर माझ्याकडून त्याला एक उलटा प्रश्न द्या. शिसं ७.२ केल्विनलाच सुपरकंडक्टर होतं. ॲल्युमिनियमऐवजी शिसं घेतलं असतं तर ०.१ केल्विनची ही सगळी यातायात टळली असती, नुसत्या द्रव हीलियमवर, ४ केल्विनला, भागलं असतं. मग आम्ही शिसं का घेत नाही? शिशाची एक जोडी मोडायला सुमारे २.७ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. आधी १०० मायक्रॉनच्या फोटॉनमागे किती जोड्या सुटतील ते काढू द्या, मग ४ केल्विनला उष्णतेनेच किती सुटतील याचा अंदाज, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहू द्या. उत्तर मला कळवा, चुकलं असलं तरी.